शेवटचा दिवस कोरडा

अंदमानच्या सहलीचा आराखडा कुठल्याही प्रवासकंपनीकडून मागवून बघा. स्कुबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरणं, त्यात एका ओळीत आवरलेलं असतं. राधानगर बीच, एलिफंट बीच, काचेच्या तळाची बोट, आणि मध्येच कुठेतरी ‘स्कुबा (ऐच्छिक)’. आमच्याकडे आलेल्या एका आराखड्यात तर ते शेवटच्या दिवशी टाकलेलं होतं. सकाळी सातला स्कुबा, दहाची बोट, दुपारी साडेतीनचं परतीचं विमान. कागदावर सगळं व्यवस्थित जुळत होतं. पाण्याखालून वर आलेल्या माणसाचं शरीर त्या कागदाप्रमाणे चालत नाही, हे मात्र त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात या सहलीची आखणी चालू आहे आणि माझं मत पक्कं होत गेलंय. पाण्याखाली उतरायचं असेल तर आधी त्या उतरण्याचे दिवस ठरवायचे आणि उरलेली सहल त्यांच्या मागेपुढे लावायची. आधी सहल आखून तिच्या फटीत समुद्र कोंबायचा नाही. ऐकायला हट्टीपणा वाटेल, पण ज्यांनी कुणी घरच्यांना सोबत घेऊन असा बेत केलाय त्यांना पटेल, की हा एक हट्ट धरला की बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप मार्गी लागतात.

आम्हा नाशिककरांना अंदमान मुळात दोन कारणांनी ठाऊक. एक सेल्युलर जेल. भगूरचे दोन सख्खे भाऊ, बाबाराव आणि तात्याराव सावरकर, तिथल्या कोठड्यांत होते. २१ डिसेंबर १९०९ ला इथल्या विजयानंद थिएटरात नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन साथीदारांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, आणि १९११ मध्ये तात्याराव अंदमानात पोचले. आमच्या घरात हे सगळं इतक्या वेळा बोललं गेलंय की लेकीला तारखा तोंडपाठ आहेत. दुसरं कारण दर मे महिन्यात पेपरात येतं: ‘मान्सून अंदमानात दाखल’. ही बातमी वाचून इथला शेतकरी आभाळाकडे बघतो. त्या बेटांभोवती पाण्याखाली प्रवाळांची आख्खी वस्ती आहे, ती बघायला माणसं जगभरातून येतात, हे आमच्या बोलण्यात कधी आलंच नव्हतं.

त्याचंही नवल नाही. गोदाकाठच्या माणसाची पाण्याशी ओळख काठावरून झालेली असते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की गावभर एकच चौकशी: दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मारुती पुरता बुडाला, २०१९ लाही. पाणी आपल्याकडे किती वर आलं हे आम्ही बरोबर सांगतो. आपण त्याच्यात किती खाली चाललोय हे मोजायची वेळ आमच्यावर येत नाही.

बेत ठरला तेव्हा घरात चौघं होतो. मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे. अण्णांना अंदमानला जायचंय ते फक्त जेलसाठी. “आधी तिथं डोकं टेकवायचं, मग तुमचा समुद्र,” हे त्यांचं पहिलंच वाक्य. नवऱ्याला पोहता येत नाही, पण उत्सुकता दांडगी. लेक पाण्यात वाढलेली. आणि पिंपळगावहून माझा द्राक्षबागायतदार दादाही येणार म्हणत होता.

दादाचं येणं रद्द झालं ते ऋतूमुळे. अंदमानात नैऋत्य मोसमी पाऊस मेच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि तो ओसरतोय तोच ईशान्येचे वारे पाऊस घेऊन येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळंही होतात. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी, जेव्हा सगळा महाराष्ट्र फिरायला निघतो, ती तिथे भरवशाची नसते. पाऊस नसला तरी समुद्र खवळलेला, पाणी गढूळ, बोटी रद्द. मेची सुट्टी दुसऱ्या टोकाला अडते. समुद्र शांत आणि पाणी नितळ असण्याचा भरवसा जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. हे काही कुणी लपवून ठेवलेलं नाही, पण शाळेच्या कॅलेंडरवर बोट ठेवूनच सहल आखायची सवय असली की समुद्राचं कॅलेंडर बघायचं राहून जातं.

मी दादाला फेब्रुवारी म्हटलं, तर तो म्हणाला, “फेब्रुवारीत माझा माल निघतो ताई, तेव्हा मी बांधावरून हलत नाही.” एप्रिल म्हटलं, तर एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्याला वाईट वाटलं, पण समजावून सांगावं लागलं नाही. छाटणीची तारीख बाग ठरवते आणि आपण लग्नकार्यं तिच्या मागेपुढे धरतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. समुद्राचं तसंच असेल तर तसंच, एवढंच बोलून त्याने विषय संपवला. लेकीच्या शाळेत रजेचा अर्ज द्यायचा ठरला.

जानेवारी का नको, याला कारण नाशिकची थंडी. निफाडचा पारा घसरतो तेव्हा घरात निदान एकाला तरी सर्दी असतेच. आणि सर्दी हा डायव्हिंगमधला किरकोळ विषय नाही. नाक चोंदलेलं असलं की कान उघडत नाही, म्हणजे कानाच्या आतला दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतका होत नाही, आणि कान उघडला नाही तर खाली जाता येत नाही. औषध घेऊन नाक मोकळं करून उतरावं म्हणाल, तर त्याचा अंमल पाण्याखाली असतानाच उतरला की हवा आत अडकते आणि वर येताना त्रास होतो. म्हणून फेब्रुवारीचा उत्तरार्ध.

कानाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण स्कुबाची तयारी म्हणजे खरं तर कानाची तयारी, असं मला आता वाटायला लागलंय. माशांचे फोटो सगळे दाखवतात, कानाबद्दल कुणी बोलत नाही.

आमची सुरुवात इथेच, महापालिकेच्या सावरकर तरण तलावावर झाली. लेकीला म्हटलं, खोल बाजूला जा, तळाच्या फरशीला हात लाव आणि ये. सूर मारून गेली आणि अर्ध्यातून परत आली. काठाला धरून डोकं एका बाजूला कलतं करून म्हणाली, “आई, कान दुखला.” लहानपणापासून पोहणारी मुलगी, पण ती आडवी पोहते, सरळ खाली जायची गरजच पडली नव्हती. मग काठावर बसवून शिकवलं. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि बंद नाकातून अगदी हलके हवा ढकलायची. नाक शिंकरायला लावतो तेवढा जोर लावायचा नाही. आत टक् असा बारीक आवाज येतो. तिने केलं, डोळे मोठे केले, “आला!” मग पाण्यात. एक हात शिडीला, दुसरा नाकाला. वीतभर खाली, टक्. पुन्हा वीतभर, टक्. डावा लगेच उघडत होता, उजवा मागे राहत होता. मागे राहिला की थोडं वर यायचं, गिळायचं, जबडा हलवायचा, पुन्हा करून बघायचं. ढकलाढकल नाही. दुखायला लागल्यावर उपाय करायचा नाही, दुखण्याआधी करायचा. तिसऱ्यांदा ती तळाला टेकली तेव्हा वर येऊन तिने ओरडा केला नाही, नुसता हात वर करून फरशीवरचा कचरा दाखवला.

हे सगळं का होतं, ते शाळेत पाठ केलेल्या बॉइलच्या नियमात आहे. १६६२ मध्ये मांडलेला नियम. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वर १, १० मीटरवर २, २० मीटरवर ३. वरून भरून नेलेला फुगा १० मीटरवर निम्मा होतो, २० मीटरवर एकतृतीयांश. म्हणजे सगळ्यात मोठा फरक पडतो तो पहिल्या १० मीटरांत. ‘आम्ही फार खोल नेत नाही, घाबरू नका’ हे वाक्य आपल्याला धीर द्यायला म्हटलं जातं, पण कानाला आणि फुप्फुसाला सांभाळायची जागा ती उथळ पट्टीच आहे. अनोळखी माणसाला पहिल्यांदा नेतात ती मर्यादा १२ मीटरची, आणि कानाचा बहुतेक त्रास त्याच्याही आतच सुरू होतो.

आणि इथे एक गोष्ट पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नव्याने शिकावी लागते. पोहणारा पाण्यात श्वास रोखतो, ते त्याच्या हाडामांसात भिनलेलं असतं. स्कुबात पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. तोंडातला रेग्युलेटर आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी जे यंत्र तयार केलं त्याची करामत हीच होती, मागाल तेव्हा आणि हव्या त्या दाबाची हवा. पण खाली घेतलेला तो श्वास छातीत धरून वर आलात तर हवा प्रसरण पावते आणि तिला जायला वाट नसते. फुप्फुसाला इजा व्हायला फार खोलीही लागत नाही, दीड-दोन मीटर पुरतात. घाबरलेला माणूस नेमका हेच करतो. श्वास रोखतो आणि वर झेपावतो. म्हणून मी लेकीला रोज झोपण्याआधी तोंडाने संथ श्वास घ्यायला लावते. लांब आत, लांब बाहेर. तिला कंटाळा येतो. तरी करते.

सिलिंडरमधली हवाही याच हिशोबाने संपते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण) दाबाने भरलेली हवा म्हणजे वरच्या हिशोबाने सुमारे २४०० लिटर. १० मीटरवर प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते, म्हणजे ती निम्म्या वेळात संपते. धडपड केली, धाप लागली, की आणखी लवकर. शांत माणसाला समुद्र जास्त वेळ बघायला मिळतो, हे इतकं रोखठोक गणित आहे.

आता त्या शेवटच्या दिवसाकडे येते. आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो आत जातो आणि बाहेर येतो, शरीर त्याचं काही करत नाही. दाबाखाली मात्र तो रक्तात आणि पेशींत विरघळत जातो. सावकाश वर आलं तर सावकाश बाहेर पडतो. म्हणून मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेगाने वर यायचं नाही, आणि ५ मीटरवर तीनेक मिनिटं थांबायचं. वर आल्यावरही तो सगळा गेलेला नसतो, पुढचे कित्येक तास निघत राहतो. त्या वेळात विमानात बसलात तर केबिनमधला दाब कमी असतो, जवळजवळ २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका कमी होऊ शकतो. विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात. सांधे दुखण्यापासून हातपाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. डायव्हिंगच्या वैद्यकीय तज्ज्ञांचा संकेत असा: एकच साधा डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर किमान १८. आम्ही पूर्ण दिवस धरलाय. सकाळी सातला पाण्यात आणि दुपारी साडेतीनला विमानात, याचं उत्तर ‘नाही’ एवढंच आहे.

यातला एक भाग खास आपल्यासाठी. हा संकेत मुळात ६०० मीटरपासून वरच्या उंचीसाठी आहे आणि आपलं नाशिक सुमारे त्याच उंचीवर बसलंय. अंदमानहून येताना प्रश्न विमानाचाच असतो, पण मालवणहून येताना? सकाळी तारकर्लीला किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कुबा करायचं, माशांची थाळी जेवायची आणि गाडी काढून आंबोलीचा घाट चढायचा, हा कितीतरी जणांचा शिरस्ता आहे. आंबोली सुमारे ६९० मीटरवर. मालवणला पहिल्यांदा नेतात ते फार खोल नसतं आणि फार वेळही नसतं, त्यामुळे बहुतेकांचं निभावून जातं. पण समुद्रसपाटीवरून घाटमाथ्यावर जाणं म्हणजे दाब कमी करणंच, मग ते चाकावर असो की पंखांवर. रात्रभर मालवणात मुक्काम करून सकाळी निघालं तर काय बिघडतं? सोलकढी दोनदा प्यायला मिळते.

मालवणचं नाव निघालंच आहे तर सांगते, मी तिथे उतरले आहे. एका हाताने माझा सिलिंडर धरून एक मुलगा मला इकडून तिकडे फिरवत होता आणि दुसऱ्या हाताने बिस्किटाचा चुरा सोडत होता. काळे-पिवळे पट्ट्यांचे मासे माझ्या मास्कवर येऊन आपटत होते. फोटो सुंदर आले. पण मासे बिस्किटं खायला आले होते, मी त्यांच्या घरात डोकावलेच नव्हते. मालवणच्या समुद्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, एमटीडीसीचं डायव्हिंग प्रशिक्षण केंद्र तारकर्लीत आहे, तिथे हे नीट शिकताही येतं. घाईच्या पर्यटकाला मात्र चुरा आणि फोटो मिळतो, कारण त्याने तेवढाच वेळ दिलेला असतो.

म्हणून अंदमानसाठी आम्ही दोन वाटा केल्या. लेक आणि मी ओपन वॉटरचा, म्हणजे स्कुबाच्या पहिल्या प्रमाणपत्राचा, कोर्स करणार. त्याला तीन-चार दिवस लागतात. थिअरी घरी बसून आधीच वाचता येते, मग उथळ पाण्यात कसरती, आणि समुद्रात चार डाइव्ह. न थांबता २०० मीटर पोहून दाखवायचं आणि दहा मिनिटं तरंगायचं, ही अट असते. १८ मीटरपर्यंत जाण्याची परवानगी त्यातून मिळते. लेक पंधराच्या आत असल्याने तिला ज्युनियरचं कार्ड मिळेल आणि तिला प्रमाणपत्रधारक मोठ्या माणसाबरोबरच जाता येईल. नवऱ्याला पोहता येत नाही, त्याच्यासाठी एकदाच, प्रशिक्षकाचा हात धरून उतरायचा डाइव्ह. हॅवलॉकच्या, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपच्या, दोन नंबरच्या बीचवर नेमो रीफ म्हणून जागा आहे, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येतं. पहिल्या वेळेला तीच बरी. लाइटहाऊस, जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल ही नावं लेकीने वहीत लिहून ठेवली आहेत, पण शेवटच्या दोन्ही जागा खोल आहेत आणि त्या आत्ताच्या सहलीत येणार नाहीत, हे तिला सांगून टाकलंय.

केंद्र निवडताना मी किमतीबद्दल सगळ्यात शेवटी विचारलं. आधी विचारलं, एका प्रशिक्षकाकडे किती माणसं? समुद्रात नेण्याआधी उथळ पाण्यात किती वेळ देता? मास्कमध्ये पाणी शिरलं तर ते नाकाने फुंकून बाहेर काढायचं शिकवता की नाही? बोटीवर ऑक्सिजन असतो का? काही झालंच तर जवळचा रीकंप्रेशन चेंबर, म्हणजे अंगातले बुडबुडे जिरवायला माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवतात ती खोली, कुठे आणि तिथे पोचायला किती वेळ? हवामान बिघडलं तर पैसे परत की पुढचा दिवस? एका ठिकाणी फोनवरच्या माणसाला चेंबरच्या प्रश्नाचा राग आला. “मॅडम, आमच्याकडे कधीच काही झालेलं नाही.” दुसऱ्या ठिकाणच्या मुलीने न अडखळता सगळं सांगितलं आणि वर तिनेच विचारलं, “परतीचं विमान कधीचं आहे?” तिथे बुकिंग केलं.

खाणाखुणा मात्र घरीच शिकून घेतोय. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे ‘छान’ नव्हे. त्याचा अर्थ ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. पंजा आडवा करून डुलवला की काहीतरी बिघडलंय. नवऱ्याला येताजाता अंगठा दाखवायची सवय आहे, त्यामुळे लेक दर वेळी गंभीरपणे जिन्याकडे बोट करून त्याला गच्चीवर पाठवते. त्याच्या मिशांचाही प्रश्न आहे. मास्कची कड वरच्या ओठावर घट्ट बसली नाही तर पाणी झिरपतं. नाकाखाली बोटभर जागा करायची तयारी त्याने दाखवली आहे.

आणि मग अण्णा. कोरड्या दिवसाचं गणित मी त्यांना जेवणाच्या टेबलावर सांगितलं. बेत असा: पोर्ट ब्लेअरला, २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरमला, उतरायचं, दुसऱ्या सकाळच्या बोटीने थेट हॅवलॉक गाठायचं. कोर्स, डाइव्ह सगळं तिथे. मग परत पोर्ट ब्लेअर, आणि विमानाआधीचा अख्खा दिवस पाण्याबाहेर. बोट एखादे दिवशी रद्द झाली तरी आणखी एक दिवस हाताशी. अण्णा म्हणाले, “म्हणजे जेल शेवटी.” मी म्हटलं, “अण्णा, त्या छापील आराखड्यात जेल पहिल्या दिवशी आहे, पण कसा? पहाटेपासूनचा प्रवास, हॉटेलवर सामान टाकायचं आणि संध्याकाळी तासाभरात उरकायचं. आपल्याकडे शेवटचा सबंध दिवस मोकळाच आहे. त्या दिवशी आम्ही पाण्यात जाऊच शकत नाही. सकाळी उघडल्यापासून बसा, तुम्हाला उठवायला कुणी येणार नाही.”

ते जरा वेळ गप्प राहिले. सात हातांची ती इमारत, त्यातले तीनच हात आता उभे आहेत, हे त्यांनी कितीदा वाचलंय. मग म्हणाले, “आणि तुम्ही पाण्याखाली असाल तेव्हा मी काय करू?” त्याचंही उत्तर तयार होतं. आपली सगळ्यांची घड्याळं एक असली तरी अंदमान आपल्या पूर्वेला एकोणीस अंशांवर आहे, म्हणून तिथे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास तरी आधी उगवतो. अण्णा चारला उठणारे. “पाचच्या आसपास झुंजूमुंजू झालेलं असेल, किनाऱ्यावर चालायला सबंध सकाळ तुमची.” हे त्यांना पटलं. एवढं पटलं की सकाळच्या चालण्यासाठी नव्या सपाता आणायला ते त्याच संध्याकाळी मेनरोडला गेले.

खाली काय बघायला मिळेल याबद्दल मी लेकीला फार रंगवून सांगत नाही. प्रवाळ हा दगड दिसतो, पण तो इवल्या प्राण्यांनी एकावर एक रचलेला चुनखडीचा वाडा आहे आणि त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं त्यांना अन्न पुरवतात, रंग देतात. पाणी नेहमीपेक्षा अंश-दोन अंशांनी जास्त आठवडेच्या आठवडे तापलेलं राहिलं की ही शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर जगभरातल्या चौथ्या प्रवाळ-विरंजनाची घोषणा झाली. म्हणजे आम्ही जाऊ तिथे काही भाग जिवंत असेल, काही मेलेला, काही नव्याने धरू पाहणारा. तिला ते तसंच दिसायला हवं. इंटरनेटवरचे झगझगीत फोटो बघून गेलेलं मूल खाली निराश होतं, शिवाय पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विझतो, त्यामुळे दिव्याशिवाय सगळं निळसर-हिरवं दिसतं. पण एका जागी स्थिर राहून बघितलं तर मासे आपापल्या कामाला लागतात. फटीतून कोळंबी बाहेर येते, समुद्रफुलाच्या बोटांत क्लाउनफिश लपते. चुरा टाकावा लागत नाही.

हात मात्र छातीशी. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. पायातल्या फिनचा एक फटका कित्येक वर्षांची वाढ मोडू शकतो, कारण ती वाढ वर्षाला बोटाच्या पेराएवढीच असते कित्येकदा. सनस्क्रीनऐवजी आम्ही लांब बाह्यांचे रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचे अंगाबरोबरचे सदरे, घेतले. ऑक्सिबेन्झोन असलेली मलमं प्रवाळांना अपायकारक ठरतात म्हणून हवाईने त्यांच्या विक्रीवर बंदी घातलेली आहे. शेजारच्या काकूंनी देवघरासाठी शंख आणायला सांगितलाय. त्यांना म्हटलं, काकू, तिथला समुद्रकिनाऱ्यावरचा शंख उचलून आणता येत नाही, विमानतळावर बॅग उघडतात. काकूंना ते खरं वाटलेलं नाही.

आता अडलंय ते एका कागदाशी. डायव्हिंगआधी जी वैद्यकीय प्रश्नावली भरतात तिच्या पहिल्या पानावर दहा प्रश्न आहेत. दमा, हृदय, कान-सायनसची शस्त्रक्रिया, फिट, पाठीचं दुखणं. एक प्रश्न पंचेचाळीशी ओलांडलेल्यांसाठी. माझी आणि लेकीची उत्तरं ‘नाही’ची निघाली. नवऱ्याचं वय सत्तेचाळीस आणि रक्तदाबाची गोळी चालू. म्हणजे डॉक्टरांची सही लागणार. कुणीतरी त्याला सुचवलं, सगळीकडे ‘नाही’ लिही, कोण बघतंय? तो रात्री माझ्याकडे आला आणि म्हणाला, “कोण बघतंय म्हणजे काय? खाली मीच असणार ना.” मला त्याचं फार कौतुक वाटलं. डॉक्टरांनी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट सांगितली आहे. ते नाही म्हणाले तर तो स्नॉर्केल लावून वर तरंगेल, लाइफ जॅकेट घालून, आणि आम्ही खालून त्याला वर्तुळ करून दाखवू.

टेस्ट पुढच्या मंगळवारी आहे. विमानाची तिकिटं त्यानंतर काढायची असं ठरलंय, मग ती थोडी महाग मिळाली तरी चालतील.